दिलेल्या शब्दाचा माणूस

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्वत्तेविषयी आपल्या घराघरांत बोललं जातं. त्यांच्या पदव्या लहान पोरंसुद्धा पाठ म्हणून दाखवतात. परंतु विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत आम्ही त्यांच्या शीलाविषयी चार शब्द लिहीत आहोत. पदव्या सगळ्यांनाच मिळतील असं नाही, शील मात्र गरिबातल्या गरिबालाही सांभाळता येतं.

सुभेदार रामजींच्या या मुलाचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. पुढे ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. आल्यावर ते बडोद्याला हजर झाले. शब्द दिला होता ना!

तिथे काय झालं? कचेरीतले शिपाई फायली लांबून टाकायचे. गावात राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून उतरावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि त्यांना बाहेर काढलं. करार तिथेच मोडला. आम्ही म्हणतो, तो बाबासाहेबांनी मोडला नाही, जातीने मोडला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ते खोटं नाव लावल्याची हकिकत जगाला कुणी शोधून सांगितली नाही. बाबासाहेबांनी स्वतःच आपल्या आठवणींत ती लिहून ठेवली. मोठं झाल्यावर माणसं अशा गोष्टी झाकतात. त्यांनी झाकली नाही.

पुढे सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसा साठवला, मित्राकडून कर्ज घेतलं आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठलं. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या प्रबंधात इंग्रज सरकारच्या धोरणावर कडक टीका होती. परीक्षकांनी तो पुन्हा लिहायला सांगितला. त्यांनी लिहिला, पण निष्कर्ष बदलले नाहीत. १९२३ साली डी. एस्सी. मिळाली.

१९२८ च्या मुंबईच्या गिरणी संपात त्यांनी साचेखात्याचा प्रश्न मांडला. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून जादा पगाराच्या त्या खात्यात आपल्या माणसांना मज्जाव होता. कामगार एकजुटीच्या गोष्टी बोलणाऱ्या पुढाऱ्यांना हे ऐकायला कडू लागलं. आम्ही गिरणीत उमर काढली, म्हणून त्या बोलण्याची किंमत आम्हाला ठाऊक आहे.

१३ ऑक्टोबर १९३५. आपल्या नगर जिल्ह्याच्या कोपरगाव तालुक्याला लागून असलेल्या येवल्यात त्यांनी जाहीर केलं की, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर निरनिराळ्या धर्मांचे पुढारी त्यांना आपल्याकडे ओढू लागले. त्यांनी घाई केली नाही, सौदाही केला नाही. अभ्यास करीत राहिले. मधल्या काळात कायदेमंत्री झाले. हिंदू कोड बिल रखडवलं गेलं तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये खुर्ची सोडली. १९५२ च्या निवडणुकीत पराभव झाला, तोही सोसला. अखेर १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. एकवीस वर्षांनी शब्द पुरा केला आणि ६ डिसेंबरला त्यांचं महापरिनिर्वाण झालं. म्हणजे जेमतेम आठ आठवडे हाताशी होते.

त्या दिवशी त्यांनी लाखो लोकांकडून बावीस प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, या त्यातल्याच. आता आपण आपल्याला विचारू या. जयंतीच्या वर्गणीची पावती फाडतो, तिचा हिशोब विहारात फळ्यावर लागतो का? उसने घेतलेले पैसे सांगितलेल्या दिवशी परत जातात का? पोराच्या हाती परीक्षेला कॉपीची चिठ्ठी आपणच तर देत नाही ना? हे आम्ही इतरांना सांगतो आणि स्वतःलाही. प्रतिज्ञा तोंडाने म्हणायला पाच-दहा मिनिटं पुरतात. पाळायला जन्म लागतो. बाबासाहेबांनी एकवीस वर्षं शब्द जपला, आपण निदान या वर्षाचा हिशोब चोख ठेवू या.

जय भीम! नमो बुद्धाय!