लोखंडाला वळण लावणारे लक्ष्मणराव

ज्या बेळगाव जिल्ह्यात आपल्या कणकुंबीस मलप्रभा उगम पावते, त्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे २० जून १८६९ रोजी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म झाला. आज मोठ्या कारखान्यांतून यंत्रमानव काम करताना पाहून आपण थक्क होतो. त्यांचा हात ठरलेल्या जागी पुनःपुन्हा नेमका पोहोचतो, कारण त्यातील दंतचक्रे व सांधे केसाहूनही सूक्ष्म मापाने घडविलेले असतात. अशा घडणीची गोडी आपल्या मुलखास लावणाऱ्या या पुरुषाचे चरित्र आपण जाणून घेऊ.

लक्ष्मणरावांना चित्रकलेची व यंत्रांची आवड. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकू लागले. पण काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांस कळेना. चित्रकाराची वाट खुंटली. त्यांनी रंग सोडले, रेघ मात्र सोडली नाही. यांत्रिक रेखनात प्रावीण्य मिळवून ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. १८८८ साली थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांनी बेळगावात सायकलींचा व्यवसाय आरंभिला. पुढे नोकरी सोडून ते बेळगावास परतले आणि कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर करू लागले.

यंत्राचा भाग घडवावयाचा तर प्रथम त्याची आकृती मापासह रेखावी लागते. मग लाकडी नमुना करावयाचा, तो वाळूत दाबून साचा घ्यावयाचा, त्यात वितळलेले लोखंड ओतावयाचे आणि निवालेला भाग लेथवर कातून मापात आणावयाचा. कोठेही चूक झाली, तर सांधा जुळत नाही. हे सारे साधले, तरी नांगर खपेना! लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांना भीती वाटे. पहिले नांगर विकण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

तोच बेळगावातील कारखान्याची जागा सोडण्याची वेळ आली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड दुर्मिळ झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या. रणांगणाचे लोखंड वितळून शेताच्या कामी आले. १९४१ साली किर्लोस्करांचा लेथ बनविणारा कारखाना हरिहर येथे निघाला. यंत्रे घडविणारी यंत्रेच आता देशात होऊ लागली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. त्यांच्या काळी कारागिराच्या हाताने फिरणारा लेथ आज संगणकाच्या आज्ञेने फिरतो आणि यंत्रमानवाचे सांधे घडवितो. पण रेघ चुकली, तर आजही भाग वाया जातो. विद्यार्थिमित्रहो, चित्रकलेच्या तासाला पट्टी व कंपास हाती घ्याल, तेव्हा या कारागिराचे स्मरण अवश्य करा.