अलेक्झांडर फ्लेमिंग

पायात बाभळीचा काटा मोडावा, जखम चिघळावी आणि थोड्याच दिवसांत घरातील कर्ता माणूस दगावावा, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी तीर्थपुरीसारख्या गावी नवलाची नव्हती. लंडनसारख्या थोर नगरीतही तेव्हा निराळे घडत नसे.

ही स्थिती ज्यांच्या शोधामुळे पालटली, ते अलेक्झांडर फ्लेमिंग शेतकऱ्याचेच पुत्र होते. स्कॉटलंडमध्ये ६ ऑगस्ट १८८१ रोजी त्यांचा जन्म झाला. सातव्या वर्षी त्यांचे पितृछत्र हरपले. पुढे लंडनला येऊन त्यांनी चार वर्षे एका जहाज कंपनीत कारकुनी केली. एका नातलगाच्या मृत्युपत्राने थोडे द्रव्य हाती आले, तेव्हा त्यांनी सेंट मेरी रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात प्रवेश घेतला. त्यांचे पुढील आयुष्य बहुतेक तेथेच गेले.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये त्यांनी जखमी सैनिकांची शुश्रूषा जवळून पाहिली. खोल जखमांत ओतली जाणारी जहाल जंतुनाशके जंतूंपेक्षा शरीराच्या रक्षक पेशींनाच अधिक मारीत. जंतूंना मारील, पण माणसाला जपील, असे औषध हवे, हा ध्यास तेव्हापासून त्यांनी घेतला.

१९२८ च्या सप्टेंबरात ते सुटीहून परतले. जंतू वाढविलेल्या काचेच्या बशा मेजावर तशाच पडल्या होत्या. (फ्लेमिंग टापटिपीसाठी प्रसिद्ध नव्हते!) एका बशीत बुरशी धरली होती आणि तिच्या भोवतालचे जंतू विरून गेले होते. दुसऱ्या कोणी ती बशी धुऊन टाकली असती. फ्लेमिंग यांनी ती जपून ठेवली. त्या बुरशीच्या रसाला त्यांनी पेनिसिलिन हे नाव दिले. तो रस शुद्ध करणे मात्र त्यांना साधले नाही. ते काम दहाबारा वर्षांनी ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. १९४१ च्या फेब्रुवारीत जखम चिघळून मरणोन्मुख झालेल्या एका पोलिसास ते औषध देण्यात आले. रोगी सुधारू लागला. परंतु औषधाचा साठा संपला. त्याच्या मूत्रातून औषध परत मिळवूनही ते पुरले नाही आणि तो बिचारा मरण पावला.

१९४५ साली फ्लेमिंग, फ्लोरी व चेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सारे जग जयजयकार करीत असता फ्लेमिंग यांनी आपल्या व्याख्यानात स्वतःच्याच औषधाविषयी इशारा दिला. जंतूंना थोडे थोडे पेनिसिलिन दिल्यास ते त्याला दाद देईनासे होतात, हे प्रयोगशाळेत दिसून आले होते. असे का व्हावे? लक्षावधी जंतूंत काही थोडे जन्मतःच अधिक चिवट असतात. काहींना तर पेनिसिलिनचे तुकडे करणारा पदार्थ निर्माण करता येतो. वरवर खुरपलेल्या शेतात कोवळे तण जाते आणि हरळी उरते. मग तिला सारे रान मोकळे मिळते. अपुऱ्या औषधाने हेच होते. दुबळे जंतू मरतात, चिवट जगतात, आणि अनुकूल स्थितीत अर्ध्या तासाच्या आत एकाचे दोन होणारी त्यांची संततीही तशीच चिवट निपजते.

फ्लेमिंग यांनी एका कल्पित गृहस्थाचे उदाहरण दिले. घसा दुखतो म्हणून तो स्वतःच पेनिसिलिन आणून अपुरे घेतो. त्याच्या घशातील जंतू निर्ढावतात. तेच जंतू पुढे त्याच्या पत्नीस बाधतात, तिला न्यूमोनिया होतो आणि औषध देऊनही ती वाचत नाही. येथे अपराध पतीचा आणि मरण पत्नीचे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

१९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन आपल्या देशात तयार होऊ लागले. ११ मार्च १९५५ रोजी फ्लेमिंग लंडनमध्ये निधन पावले. तोपर्यंत तेथील रुग्णालयांत पेनिसिलिनला न जुमानणारे जंतू सर्रास आढळू लागले होते.

पुढे क्षयाचे जंतूही त्याच वाटेने गेले. २०११ च्या अखेरीस मुंबईतील डॉक्टरांनी चार क्षयरोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या जंतूंवर तपासून पाहिलेले एकही औषध चालत नव्हते. त्यांपैकी तिघांनी पूर्वी निरनिराळ्या डॉक्टरांकडून, अनेकदा चुकीच्या मात्रेत, औषधे घेतली होती.