शेठ वालचंद हिराचंद : उसाचा मळा व मोटारीचा कारखाना

गेल्या वर्षी वरच्या वर्गात विज्ञानाचा तास चालू असता एका विद्यार्थ्याने मोठा मार्मिक प्रश्न विचारला. त्याचे वडील सालवडहून कामानिमित्त नित्य पालघरला मोटारीने जातात. पेट्रोलमध्ये आता उसापासून केलेले मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, मिसळलेले असते, हे त्याने ऐकले होते. ऊस तर आपल्याच देशात पिकतो. मग हे इंधन घेतल्याने वडिलांचे पैसे वाचतात की अधिक खर्च होतात, असे त्यास जाणून घ्यावयाचे होते. उत्तर देण्यापूर्वी मी वर्गास एका पुरुषाची गोष्ट सांगितली. महाराष्ट्राच्या माळरानावर उसाचे मळे व साखरेचे कारखाने उभे करणारा आणि मुंबईत मोटारींचा कारखाना काढणारा तो एकच गृहस्थ होता. ते म्हणजे शेठ वालचंद हिराचंद. त्यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी व पालकांनीही अवश्य जाणून घ्यावे असे आहे.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे गुजरातेतील, जैनधर्मीय. परंतु व्यापारानिमित्त ते सोलापुरास येऊन येथलेच झाले होते. वालचंद अगदी तान्हे असतानाच त्यांची आई निवर्तली. सोलापुरास शालेय शिक्षण पुरे करून ते १८९९ साली मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले व पुढे कॉलेजात दाखल झाले. परंतु पदवी हाती येण्यापूर्वीच त्यांना शिक्षण सोडून घरच्या सावकारीत व कापसाच्या व्यापारात लक्ष घालावे लागले.

वडिलोपार्जित पेढीवर बसून व्याजाचे हिशेब करावयाचे, एवढ्यात समाधान मानणारा हा तरुण नव्हता. काहीतरी नवे उभारावे, ही ओढ त्यास स्वस्थ बसू देईना. अशा वेळी त्यांची गाठ लक्ष्मणराव फाटक यांच्याशी पडली. फाटक हे रेल्वेत कारकुनी केलेले गृहस्थ. त्यांस कामाची माहिती होती, पण भांडवल नव्हते. वालचंदांजवळ भांडवल उभे करण्याची शक्ती होती, पण त्या कामाचा अनुभव नव्हता. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून कंत्राटदारीचा आरंभ केला. एकाची विद्या व दुसऱ्याचे धाडस एकत्र आले म्हणजे काय घडते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

पुढे त्यांच्या कंपनीने मोठमोठी कामे तडीस नेली. मुंबईहून पुण्यास जाताना बोरघाटात आगगाडी ज्या बोगद्यांतून धावते, त्यांपैकी काहींचे काम त्यांच्या कंपनीचे आहे. आपल्या भागास जवळच्या तानसा तलावाचे पाणी मुंबईस नेणाऱ्या मोठ्या नळांचे कामही त्यांच्या कंपनीने केले.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरचा व समुद्रापारचा जहाजधंदा जवळजवळ सर्वस्वी इंग्रज कंपन्यांच्या हाती होता. वालचंद व त्यांचे सहकारी नरोत्तम मोरारजी यांनी १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून विकत घेतलेले ‘लॉयल्टी’ नावाचे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. ही तारीख आज आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळली जाते. परंतु हे यश सुखासुखी मिळाले नाही. बलाढ्य परदेशी कंपन्यांनी भाड्याचे दर पाडून या नव्या कंपनीचा श्वास कोंडण्याचा यत्न केला. अखेर १९२३ साली काही जाचक अटी पत्करून तडजोड करणे भाग पडले. तडजोड मान्य करूनही धंदा सोडावयाचा नाही, हे धोरण वालचंदांनी ठेवले. माघार घेणे आणि पळ काढणे यांतील भेद त्यांस पुरेपूर ठाऊक होता.

आता उसाकडे वळू. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात रावळगाव म्हणून गाव आहे. तेथील सुमारे दीड हजार एकर जमीन वालचंदांनी १९२३ साली घेतली. ती खडकाळ व कोरडवाहू होती. दगड काढणे, जमीन सपाट करणे, पाण्याची सोय करणे व खत घालून मातीत कस आणणे यांत कित्येक वर्षे गेली. पैसा ओतला जात होता आणि उत्पन्न दिसत नव्हते. परंतु शेठजींनी धीर सोडला नाही. पुढे १९३२ साली सरकारने देशी साखरेस संरक्षण देणारा कायदा केला आणि परदेशी साखरेच्या स्पर्धेचा जोर मोडला. लगेच १९३३ साली रावळगावास साखर कारखाना निघाला. इंदापूर तालुक्यात नीरेच्या पाण्यावर कळंब येथे दुसरा मोठा कारखाना उभा राहिला व त्याभोवती जी वसाहत वाढली, तिला वालचंदनगर हे नाव मिळाले. रावळगावच्या गोळ्या-चॉकलेटे ज्यांनी लहानपणी खाल्ली नाहीत, असे पालक फार थोडे असतील. त्या गोडीच्या मागे खडक फोडणाऱ्या मजुरांचा घाम आहे, हे मात्र आपल्या ध्यानी येत नाही.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. उसाचा रस आटवून त्यातील साखरेचे दाणे वेगळे काढले म्हणजे शेवटी एक काळसर, दाट व चिकट पदार्थ उरतो. त्यास मळी म्हणतात. शंभर किलो उसामागे ती साधारण चार-साडेचार किलो निघते. त्या काळी नवे कारखाने भराभर निघाले तेव्हा या मळीचे करावयाचे काय, ही पुष्कळ कारखानदारांस चिंताच पडली होती. परंतु मळीत पुष्कळ साखर शिल्लक असते. तीत पाणी घालून यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव सोडले, म्हणजे ते त्या साखरेचे मद्यार्क बनवितात. मग ऊर्ध्वपातनाने ते वेगळे काढता येते. एक टन मळीपासून साधारण सव्वादोनशे ते अडीचशे लिटर मद्यार्क मिळते. मात्र पेट्रोलमध्ये मिसळावयाचे असेल तर त्यातील पाण्याचा अंश जवळजवळ पूर्णपणे काढून टाकावा लागतो. नाहीतर मद्यार्क व पाणी टाकीच्या तळाशी बसते व पेट्रोल वर राहते.

मोटारीचा कारखाना हे शेठजींचे सर्वांत हट्टाचे स्वप्न होते. थोर इंजिनियर सर विश्वेश्वरय्या यांनी हिंदुस्थानात मोटारी तयार करण्याची योजना आखली व तिच्यासाठी ते १९३५ साली परदेशी हिंडून आले. वालचंद त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९३७ साली मुंबई इलाख्यात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले व योजनेस आशा वाटू लागली. परंतु १९३९ साली मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि ती आशा मावळली. वालचंद स्वतः अमेरिकेस गेले. फोर्ड कंपनीशी बोलणे जुळले नाही, तेव्हा त्यांनी क्रायस्लर कंपनीशी संधान बांधले. म्हैसूर संस्थानाने साहाय्याची तयारी दाखविली. पण हिंदुस्थान सरकारने त्यास संमती दिली नाही. दुसऱ्या कोणी हा नाद सोडून दिला असता. वालचंदांनी मात्र मध्यंतरीचा काळही वाया घालविला नाही. अमेरिकेच्या त्याच प्रवासात विमानात त्यांची विल्यम पॉली नावाच्या विमान-व्यावसायिकाशी ओळख झाली व त्या ओळखीतून डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे विमानांचा कारखाना निघाला. १९४१ साली विशाखापट्टणम येथे जहाजे बांधण्याच्या कारखान्याचा पाया घातला गेला. त्या कारखान्यातून उतरलेले ‘जल-उषा’ हे जहाज १९४८ साली पंडित नेहरूंच्या हस्ते समुद्रात लोटले गेले.

अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली व १९४७ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, मुंबईच्या कुर्ला भागातील कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. मुंबईच्या रस्त्यांवर पुढे कित्येक वर्षे धावलेली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी याच कंपनीची. तिच्यातील शेवटची टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून निवृत्त झाली.

युद्धकाळात पेट्रोलवर नियंत्रण आले होते व कित्येक मोटारी कोळशाच्या वायूवर चालवाव्या लागत होत्या. मोटार देशी झाली तरी तिच्या पोटात घालावयाचे तेल परक्या देशातून येते, हे त्या दिवसांत सर्वांस कळून चुकले. म्हणूनच १९४८ साली मोटारीच्या इंधनात मद्यार्क मिसळण्याविषयीचा कायदा आपल्या देशात झाला. परंतु त्यानंतरची अनेक वर्षे या गोष्टीस जोर चढला नाही.

१९४९ साली शेठजींस पक्षाघाताचा झटका आला व पुढल्या वर्षी त्यांस कामकाजातून निवृत्त व्हावे लागले. त्यांच्या पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची अखेरपर्यंत सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचा अंत झाला. सांगलीचे वालचंद इंजिनियरिंग कॉलेज आजही त्यांचे नाव चालवीत आहे.

त्यांच्या दोन उद्योगांची, उसाची व मोटारीची, खरी गाठ पडली ती त्यांच्या मागे अर्धशतकाने. २००१ साली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळून विकण्याचे प्रयोग देशात तीन ठिकाणी सुरू झाले. त्यांपैकी दोन महाराष्ट्रातील मिरज व मनमाड ही होत. मनमाड हे रावळगावच्याच जिल्ह्यातले, हा योगायोग मनोरंजक आहे. २००३ साली काही राज्यांत शेकडा ५ प्रमाण सुरू झाले. २०२२ च्या जूनमध्ये देशभर शेकडा १० चे उद्दिष्ट गाठले गेले आणि २०२५ साली शेकडा २० चे. आता केवळ मळीच नव्हे, तर उसाचा रस, मका व तुटका तांदूळ यांपासूनही इथेनॉल होते.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच उष्णता असते. म्हणून शेकडा २० मिश्रणावर गाडी थोडे कमी अंतर जाते. जुन्या धाटणीच्या चारचाकी गाड्यांत ही घट शेकडा ६ ते ७ पर्यंत येऊ शकते, असे सरकारच्या नीती आयोगाच्या अहवालातच नमूद आहे. या मिश्रणासाठी मुद्दाम बनविलेल्या नव्या गाड्यांत ती कमी असते. समजा, एक गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते व महिन्यास ६०० किलोमीटर धावते. तिला ४० लिटर पेट्रोल लागे. शेकडा ६ घट धरली तर ती लिटरला १४.१ किलोमीटर जाईल व साडेबेचाळीस लिटर लागेल. लिटरचा भाव हिशेबापुरता १०० रुपये धरला, तर महिन्यास सुमारे अडीचशे रुपये अधिक गेले. मिश्रण लिटरमागे सहा रुपयांनी स्वस्त मिळेल, तरच घरचा हिशेब पूर्वीइतका राहील. तेव्हा भाव तोच असता कुटुंबाच्या थैलीत बचत होते, असे म्हणणे गणितास धरून होणार नाही.

मग लाभ कोणाचा? परदेशी तेलावर जाणारा पैसा काही अंशी देशात राहतो; कारखान्यास मळीचे मोल मिळाले म्हणजे शेतकऱ्याच्या उसाचे पैसे वेळेवर मिळण्यास हातभार लागतो. उलट बाजूही पाहिली पाहिजे. ऊस फार पाणी पितो. २०२३ साली पाऊस कमी पडून साखरेची चिंता उत्पन्न झाली, तेव्हा त्या वर्षीच्या डिसेंबरात सरकारला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घालावे लागले. म्हणजे पाणी, अन्न व इंधन या तिघांचा तोल सांभाळणे हे काम आपल्या पुढच्या पिढीवर आले आहे.

पालकांस माझी विनंती इतकीच की, आपली गाडी कोणत्या मिश्रणासाठी बनली आहे हे तिच्या पुस्तिकेत पाहावे. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या वेळच्या वेळी तपासून घ्याव्या. चाकांतील हवा नीट ठेवून व गाडी बेताच्या वेगाने चालवून जी बचत होते, ती कोणत्याही इंधनात आपल्या हातची आहे.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी शेठ वालचंदांच्या चरित्रातला बोध निराळा आहे. खडकावर ऊस होणार नाही, हिंदी माणसाचे जहाज टिकणार नाही, या देशात मोटार बनणार नाही, असे सांगणारे त्यांच्याभोवती पुष्कळ होते. त्यांच्याशी वाद घालण्यात शेठजींनी आयुष्य घालविले नाही. हिशेब मांडला, जोडीस जाणकार माणूस घेतला आणि कामास हात घातला. काही कामे त्यांच्या डोळ्यांदेखत फळास आली, तर उसाच्या मळीतून मोटारीचे इंधन घडून ते देशभर वापरात येण्यासारखी गोष्ट त्यांच्या मागे कितीतरी वर्षांनी झाली. माणसाने लावलेल्या झाडाची फळे कोण खाईल याचा नेम नसतो; म्हणून झाड लावावयाचे राहू नये. आज जो मुलगा वडिलांच्या पेट्रोलचा हिशेब विचारतो, तोच उद्या थोड्या पाण्यात पिकणाऱ्या पिकातून स्वस्त इंधन काढण्याची युक्ती शोधणार नाही, असे कोणी सांगावे?