कोंकणी फक्त बोलायची नाही, लिहायचीही भाषा आहे, हे मुंबईत नोकरी करणाऱ्या या गोवेकरानं दाखवून दिलं

वरळीच्या बीडीडी चाळी आता एकेक करून पाडल्या जातायत. 160 स्क्वेअर फुटांच्या खोल्यांच्या जागी टॉवर येतायत. ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्याही मिळाल्या.

या चाळी उभ्या राहिल्या 1920च्या दशकात. गिरण्यांमध्ये कामाला आलेल्या माणसांनी त्या भरल्या आणि एकाच मजल्यावर चार तऱ्हेच्या बोली ऐकू यायला लागल्या. कोकणातून आलेलं बिऱ्हाड मालवणीत भांडायचं, मालवणीतच गाऱ्हाणं घालायचं. पण गावी पत्र लिहायची वेळ आली की तीर्थरूप, साष्टांग नमस्कार असं पुस्तकी मराठी सुरू व्हायचं.

घरात एक भाषा आणि कागदावर दुसरी. मुंबईतल्या गोवेकरांचंही तेच होतं. या चाळी उभ्या राहत होत्या त्याच काळात, याच शहरात एक माणूस ही सवय मोडायला बसला होता.

त्याचं नाव वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर. गोव्यात त्यांना ओळखतात ते शणै गोंयबाब या नावानं.

त्यांचा जन्म 23 जून 1877 चा, गोव्यातल्या डिचोलीचा. आडनावात मात्र सिंधुदुर्गातलं वालावल गाव. सुरुवातीचं शिक्षण मराठीत झालं आणि पुढं ते मुंबईला आले. इथंच शिकले, नोकरीला लागले आणि पोर्तुगीज, फ्रेंच, इंग्रजी, संस्कृत अशा भाषा आत्मसात केल्या.

मुंबईत त्यांना एक गोष्ट खटकली. गोव्याचा हिंदू माणूस लिहायचं म्हटलं की मराठीकडं वळायचा. शिकलेला ख्रिस्ती माणूस पोर्तुगीज किंवा इंग्रजीकडं. दोघांच्या घरात कोंकणीच, पण चारचौघांत तिची लाज. ती धड भाषाच नाही, हा समज दोन्हीकडं पक्का होता.

मग कोंकणीत आधी काहीच लिहिलं गेलं नव्हतं का?

तर तसं नाही. फादर थॉमस स्टीफन्सचं कोंकणी व्याकरण 1640 मध्ये गोव्यातल्या रायतूर इथं छापलं गेलं होतं. छापलेलं व्याकरण असलेल्या भारतीय भाषांमध्ये कोंकणीचा नंबर पहिल्यांमध्ये लागतो. पण 1684 मध्ये पोर्तुगीज सरकारनं कोंकणीवर बंदीचा हुकूम काढला. तरी भाषा माणसांच्या तोंडी टिकली. 1889 मध्ये पुण्यातून रोमी लिपीत कोंकणी नियतकालिक निघालं आणि 1892 मध्ये मुंबईच्या रंगभूमीवर कोंकणी तियात्र सुरू झालं.

अडचण वेगळीच होती. कोंकणी वेगवेगळ्या घरांत विखुरली होती. गोव्यात देवनागरी आणि रोमी, मंगळूरकडं कन्नड, केरळात मल्याळम, भटकळच्या नवायत मुसलमानांत अरबी वळणाची लिपी. मराठीतला ‘माझं’ हा एक शब्द घ्या. गोव्यातला हिंदू ‘म्हजें’ लिहिणार, ख्रिस्ती ‘म्होजें’, कर्नाटक किनाऱ्यावरचा सारस्वत ‘मगेलें’. यातलं शाळेच्या पुस्तकात काय छापायचं?

प्रमाणभाषा ठरवणं म्हणजे नेमकं हेच. लिपी कोणती, शब्द कोणता, व्याकरणाचा नियम काय. हे सगळं सहसा सरकार, शाळा, विद्यापीठ मिळून करतं. कोंकणीच्या पाठीशी यातलं काहीच नव्हतं, म्हणून वालावलीकरांनी ते काम नोकरी सांभाळून स्वतःच्या अंगावर घेतलं.

1913 मध्ये त्यांनी फ्रेंच नाटककार मोलिएरचं नाटक ‘मोगाचें लग्न’ या नावानं कोंकणीत आणलं. 1928 मध्ये गोव्याबाहेर गेलेल्या गोवेकरांचा इतिहास लिहिला. 1930 मध्ये ‘कोंकणी भाशेचें जैत’ हे पुस्तक आलं. कोंकणी ही मराठीची बोली नसून स्वतंत्र भाषा आहे, हे त्यात त्यांनी पुरावे देत मांडलं. 1935 मध्ये मुलांसाठी ‘भुरग्यांलो इश्ट’ आलं. कथा, इतिहास, चरित्र, बालवाचन अशी त्यांची पुस्तकं पंचवीसच्या पुढं जातात.

त्यांची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. आधी नियम करून लोकांना तसं लिहायला लावण्यापेक्षा त्यांनी स्वतः लिहून दाखवलं. शब्द शोधले ते सामान्य माणसांच्या बोलण्यातून. व्याकरणाचं पुस्तक तर त्यांच्या मृत्यूनंतर, 1949 मध्ये छापून आलं.

9 एप्रिल 1946 रोजी मुंबईतच त्यांचं निधन झालं. पुढचं काहीच त्यांना बघायला मिळालं नाही. रवींद्र केळेकरांसारख्या लेखकांनी त्यांचं काम पुढं नेलं. 1967 च्या जनमत कौलात 1,72,191 मतं गोवा वेगळा ठेवण्याच्या बाजूनं पडली, 1,38,170 महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूनं. या प्रचारात कोंकणीचा वापर जोरात झाला होता. 1975 मध्ये साहित्य अकादमीनं कोंकणीला मान्यता दिली, 1987 मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली आणि 1992 मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. पुढं केळेकर आणि दामोदर मावजो यांना ज्ञानपीठही मिळालं.

अर्थात, हे सगळ्यांना मान्य होतं असं नाही. अ. का. प्रियोळकरांसारखे मूळचे गोव्याचेच अभ्यासक कोंकणीला मराठीची बोली मानत राहिले.

आणि एक तक्रार आजही मिटलेली नाही. 1987 च्या कायद्यात कोंकणी म्हणजे देवनागरीतली कोंकणी. वालावलीकरांनी देवनागरी निवडली आणि पुढं तीच सरकारी झाली. पण ज्या ख्रिस्ती समाजानं रोमी लिपीत पेपर चालवले, तियात्रं गाजवली, त्यांची कोंकणी कायद्याच्या बाहेर राहिली. रोमीलाही बरोबरीचा दर्जा द्या, ही मागणी म्हणूनच अजून सुरू आहे. एक लिपी ठरली की भाषा शाळेत पोचते. पण ज्यांची लिपी वेगळी, त्यांना आपल्याच भाषेत परकं वाटायला लागतं.

कोंकणीची सख्खी शेजारीण असलेल्या मालवणीला यातलं काहीच मिळालं नाही. मच्छिंद्र कांबळींच्या ‘वस्त्रहरण’नं तिला रंगमंचावर नेलं, हजारो प्रयोग झाले, चाळीतला माणूस तिच्यावर पोट धरून हसला. पण शाळेतल्या पोरांच्या हातात मालवणीचं पुस्तक आलं नाही.

कोंकणीला ते मिळालं, कारण तिची लाज वाटण्याच्या काळात एका माणसानं आयुष्यभर तीच लिहिली. 9 एप्रिल हा वालावलीकरांचा स्मृतिदिन आज जागतिक कोंकणी दिवस म्हणून पाळला जातो.