लिस्टरची पट्टी

१२ ऑगस्ट १८६५. ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत अकरा वर्षांच्या एका मुलाला आणले. गाडीचे चाक पायावरून गेले होते; हाड मोडले, कातडी फाटली. अशा जखमेत पाय कापणे हाच त्या काळचा रिवाज होता. कापला तरी भरवसा नसे. डॉ. जोसेफ लिस्टर यांच्याकडेच १८६४ आणि १८६६ या दोन वर्षांत अवयव कापलेल्या ३५ रुग्णांपैकी १६ दगावले.

लिस्टर यांचा जन्म १८२७चा. वडिलांचा धंदा दारूविक्रीचा, पण नाद सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांचा. मुलानेही तो उचलला. जखम सडते ती हवेने नव्हे, सूक्ष्मजीवांमुळे, हे पाश्चर यांच्या लेखनावरून त्यांना पटले. कार्लाईल गावी सांडपाण्याची दुर्गंधी कार्बोलिक ऍसिडने घालवतात, हेही त्यांनी वाचले होते. त्यातच भिजवलेले कापड त्यांनी मुलाच्या जखमेवर बांधले. चार दिवसांनी सोडले, तर पू नाही! सहा आठवड्यांत हाड जुळले.

पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. कार्बोलिकने मुलाची कातडी सोलवटली होती. म्हणून लिस्टर यांनी ते पाण्यात, तेलात पातळ केले. नंतर जखम आणि औषध यांच्यामध्ये ते तेलकट रेशमाचा पापुद्रा ठेवू लागले. सौम्य बोरिक ऍसिडही त्यांनी वापरले. (आपल्याकडे कॅरमवर टाकतात तीच ही पावडर, उघड्या जखमेवर मात्र ती आता लावत नाहीत, कारण ती शरीरात शोषली जाते.)

गंमत म्हणजे कार्बोलिक हे नावाचेच ऍसिड. त्याची आम्लता अगदी क्षीण. जंतू मरतात ते त्याच्या विषारीपणाने. आम्लतेचे महत्त्व आता कळते आहे. निरोगी त्वचेचा पीएच साधारण ४ ते ६, आतल्या मांसाचा ७.४. जखम झाली की आम्लाचे ते कवच जाते. महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमा बहुधा अल्कधर्मी असतात: काही जंतू अमोनिया तयार करतात आणि नवी ऊती पोखरणारी विकरे तिथे जोमाने चालतात. किंचित आम्लता असली तर दोघांनाही आळा बसतो, शिवाय रक्तातला ऑक्सिजन पेशींना अधिक सहज मिळतो. हवाबंद पट्टीखाली कार्बन डायऑक्साइड अडकून राहतो, त्यानेही पीएच उतरतो. पण म्हणून घरी जखमेवर लिंबू पिळू नये. त्याने ऊती जळतात.

१८६७ ते १८६९ या काळात लिस्टर यांच्या ४० अवयवछेदनांत ६ मृत्यू झाले. १९१२ साली ते वारले. पीएचची मोजपट्टी त्याच्या तीनच वर्षे आधी, कोपनहेगनमधल्या बीअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी आखली होती.