इमाम बुखारी : कुणाकडून ऐकलं, हे तपासणारे उस्ताद

हदीसचा विषय निघाला की इमाम बुखारींचं नाव आपल्या ओठांवर येतंच. पण त्यांनी नेमकं काय केलं, असं विचारलं तर आपल्यापैकी बरेच जण हदीसी गोळा केल्या, एवढंच सांगतील. गोळा तर इतरांनीही केल्या होत्या. बुखारींनी प्रत्येक हदीस कुणी कुणाकडून ऐकली, हे कडक कसोटी लावून तपासलं आणि ती नावं हदीससोबतच लिहून ठेवली. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी संदर्भ दिला.

मुहम्मद बिन इस्माईल हे त्यांचं नाव. हिजरी 194, म्हणजे इसवी सन 810 मध्ये आजच्या उझबेकिस्तानातल्या बुखारा शहरात त्यांचा जन्म झाला. वडील लवकर वारले, आईनं वाढवलं.

ते 11 वर्षांचे असतानाची गोष्ट प्रसिद्ध आहे. दाखिली नावाचे उस्ताद एका हदीसची सनद, म्हणजे ती सांगणाऱ्यांची साखळी, वाचत होते. त्यात अबू जुबैर यांनी इब्राहीम यांच्याकडून ऐकल्याचं आलं. मुहम्मदनं लगेच हरकत घेतली. अबू जुबैर यांनी इब्राहीम यांच्याकडून काही सांगितलेलंच नाही, असं त्याचं म्हणणं होतं. उस्ताद रागावले, पण मुलगा हटेना. मूळ वही बघा, असा त्यानं आग्रह धरला. उस्ताद आत गेले, वही पाहिली. खरं नाव जुबैर बिन अदी होतं. त्यांनी त्याच मुलाच्या हातातली लेखणी घेतली आणि आपली प्रत दुरुस्त केली. आम्हाला यात उस्तादांचंही मोठेपण दिसतं.

सोळाव्या वर्षाच्या सुमारास आई आणि भाऊ अहमद यांच्यासोबत ते हजला गेले. ते दोघं परतले, बुखारी मात्र शिकायला तिथंच राहिले. पुढे बसरा, कुफा, बगदाद, शाम, इजिप्त असा प्रवास झाला. तरुणपणीच मदिनेत त्यांनी ‘अत-तारीख अल-कबीर’ लिहायला घेतलं. हदीस सांगणाऱ्या रावींची ही नोंदवही. त्यात 12,000 हून जास्त माणसं आहेत. बात सांगणारा माणूस कोण, कुठला, कुणाचा शागिर्द, हे कळल्याशिवाय त्याच्या बातीचं वजन कसं ठरवणार?

त्यांची अट कडक होती. दोन रावी एकाच काळात होऊन गेले, एवढं त्यांना पुरत नसे. दोघांची भेट झाल्याचा पुरावाही लागे. सुमारे 6 लाख रिवायतींमधून 16 वर्षं निवड करून त्यांनी ‘सहीह’ तयार केली. एकच हदीस वेगवेगळ्या सनदींनी आली की ती वेगळी मोजली जाई, म्हणून हा आकडा एवढा मोठा. ग्रंथात आल्या त्या पुनरुक्तीसह सात हजारांच्या थोड्या वर.

बगदादमध्ये 10 जणांनी 100 हदीसींच्या सनदी मुद्दाम उलटसुलट करून त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांनी सगळ्या जागच्या जागी लावून दिल्या, हा किस्सा आपण वाजमध्ये नेहमी ऐकतो. गंमत बघा, तो नोंदवणाऱ्या इब्न अदी यांनी काही उस्तादांकडून ऐकला, एवढंच म्हटलंय. नावं दिलेली नाहीत. खुद्द बुखारींनी ही सनद पुरेशी मानली असती का?

शेवटची वर्षं कठीण गेली. नैशापूरचे मोठे विद्वान जुहली यांच्याशी कुरआनच्या उच्चारणाबाबतच्या प्रश्नावर मतभेद झाले, इतके की बुखारींना शहर सोडावं लागलं. तरी ‘सहीह’मध्ये जुहलींकडून घेतलेल्या हदीसी आहेत. त्यांचं पूर्ण नाव मात्र येत नाही, कुठे फक्त मुहम्मद, तर कुठे आजोबांच्या नावानं उल्लेख आहे. असं का, यावर विद्वानांनी बरीच चर्चा केली आहे. पण वाद झाला म्हणून ती हदीस गाळली नाही की दुसऱ्याच्या नावावर घातली नाही, हे महत्त्वाचं.

बुखाराच्या अमीरानं महालात येऊन शिकवायला सांगितलं, त्यांनी नकार दिला. मग जन्मगावही सुटलं. हिजरी 256, म्हणजे सन 870 मध्ये, ईदुल फित्रच्या रात्री समरकंदजवळच्या खरतंक गावी त्यांचं निधन झालं.

आज आपली मुलं-मुली एम.ए., पीएच.डी. करताहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण प्रबंधात दुसऱ्याचा परिच्छेद उचलून नाव गाळणं किंवा न पाहिलेल्या ग्रंथाचा संदर्भ पाहिल्यासारखा देणं, हे सर्रास चालतं. मोबाइलवर किताबचं नाव नसलेल्या हदीसी पुढे ढकलणारे आपणच असतो. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव सांगणं ही अमानत आहे, आणि वाचणाऱ्याला तपासायची वाटही त्यामुळेच मिळते. मूळ किताब पाहिली नसेल, तर ज्या पुस्तकातून घेतलं त्याचं नाव सांगावं. त्यात कमीपणा कसला?