बिदरचा वजीर आणि गोव्याचे बंदर

बिदर शहरात महमूद गावान याच्या मदरशाची भग्न वास्तू आजही उभी आहे. एक मिनार शिल्लक आहे आणि त्यावर निळ्या-पिवळ्या मीनाकारीच्या फरशांचे काही पट्टे. १४७२ च्या सुमारास ही पाठशाळा पुरी झाली आणि त्याच वर्षी याच गृहस्थाने विजयनगरकडून गोवा जिंकून घेतला. बिदर-कलबुर्गीकडे तो विद्येचा आश्रयदाता म्हणून स्मरला जातो. आमच्या किनाऱ्यावर त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही, आणि काढली तर गोडीने काढण्याचे कारणही नाही.

इराणच्या गिलान प्रांतातील खानदानी घराण्यात १४११ साली जन्मलेला हा पुरुष तेथील दरबारी वैरामुळे देशोधडीला लागला. व्यापार करीत १४५३ मध्ये तो दाभोळ बंदरी उतरला आणि तेथून बिदरला गेला. म्हणजे त्याचा दख्खनप्रवेशही कोकणातूनच झाला!

बहमनी राज्य त्या वेळी चोहोकडून वेढलेले होते. दक्षिणेस विजयनगर, पूर्वेस ओरिसाचे गजपती, उत्तरेस माळवा आणि गुजरात. १४६२ मध्ये गादीवर अल्पवयीन मूल बसलेले पाहून माळव्याच्या महमूद खिलजीने थेट बिदरवर चाल केली. राजधानी वाचली ती गुजरातच्या महमूद बेगड्याने मदतीला फौज आणली म्हणून. ती मदत मिळविण्यात राजमातेबरोबर गावानचा मोठा वाटा होता. एका शेजाऱ्याला दुसऱ्याच्या अंगावर सोडून आपले घर राखायचे, हे राजकारण तो तेथे शिकला. १४६६ मध्ये तो मुख्य वजीर झाला.

कोकणच्या स्वारीत त्याने संगमेश्वर आणि खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, काही बळाने तर काही द्रव्याने घेतले. मग समुद्रातून आणि जमिनीवरून फौजा आणून गोवा घेतला. यात धर्मापेक्षा घोडा मोठा होता, असे आमचे मत आहे. अरबी घोडे या बंदरांतून उतरत आणि घोडदळावाचून विजयनगरचा राय लंगडा पडे. अर्थात ज्यांच्या गावांवरून फौज गेली त्यांना या हिशेबाचे काय सुख? शतकापूर्वी बहमनी फौजांनी सप्तकोटेश्वराचे देवालय मोडले होते आणि विजयनगरच्या माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले होते. गोमंतकाला तेव्हाही कोणी विचारून जिंकले नव्हते.

परंतु गावानची खरी परीक्षा घरातच होती. दरबारात दख्खनी आणि परदेशी असे दोन तट. त्याने चार सुभ्यांचे आठ केले, सुभेदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला, जमिनीची मोजणी आरंभिली, जेवढे शिपाई हजर नसतील तेवढी रक्कम सरदारांकडून परत घेण्याचा नियम केला. नेमणुका दोन्ही तटांत सारख्या वाटल्या. तरीही दख्खनी त्याला परकाच मानीत राहिले. तेलंगणाचा सुभा दुभंगला म्हणून मलिक हसन चिडला. हा मलिक हसन मूळचा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला, असे फिरिश्ता लिहितो.

शत्रूंनी गावानच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळवून त्यावर गजपतीला स्वारीचे आमंत्रण लिहविले. सुलतान तिसरा महंमद मद्याच्या धुंदीत होता. शिक्का माझा आहे, मजकूर माझा नाही, एवढेच म्हाताऱ्या वजिराने सांगितले. चौकशीही न होता ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडपल्लीच्या छावणीत त्याचे मस्तक उडविण्यात आले. ज्याच्या हातून राज्याचा सारा वसूल जात होता, त्याच्या खाजगी तिजोरीत अगदी थोडी रक्कम निघाली म्हणतात. वर्षाच्या आत सुलतानही मेला.

चहूबाजूंच्या शत्रूंना जे साधले नव्हते, ते एका खोट्या पत्राने साधले. विजापूर, अहमदनगर, वऱ्हाड, गोवळकोंडा येथले सरदार एकेक करून स्वतंत्र झाले आणि बिदरला बरीदांच्या हातचे बाहुले उरले. मलिक हसनच्या मुलाने अहमदनगरची निजामशाही स्थापिली. गोवा विजापूरच्या वाट्याला आला. एकसंध दख्खनी राज्याचे जे बळ बंदरामागे असायला हवे होते ते आता एका तुकड्याचे होते. १५१० मध्ये आल्बुकेर्कची गलबते मांडवीत शिरली तेव्हा घोड्यांच्या त्याच व्यापारावर त्याचा डोळा होता.